सेठकडे पाठ

माझी धाकटी बहीण धाकली यंदा पाड्यावरच आहे, आणि मला त्याचा इतका आनंद झालाय की शेजारणीशी नीट भांडतासुद्धा येत नाही. मध्येच हसू फुटतं.

भाताची झोडणी उरकली की सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर मुकादम ट्रक घेऊन येतो आणि माणसं वीटभट्टीवर नेतो. गेल्या साली धाकली आणि तिचा नवरा मुकेश गेले, ते सहा महिने अडकले. फाटकाला कायम कुलूप. अंगात ताप असला तरी विटा वाहायच्याच. सोबत नेलेला आमचा हिरवा देव, म्हणजे टोपलीतली मोरपिसं, सेठच्या नजरेला पडला. "असली भुतं माझ्या भट्टीवर नकोत," म्हणाला, आणि मुकेशच्याच हातानं ती जाळात टाकायला लावली. मुकेशनं हे पाड्यावर कुणाला सांगितलं नाही. धाकलीनं मला सांगितलं, तेही रडत रडत. आणि यंदा पुन्हा निघाली की दोघं! मुकादम म्हणे, सेठ सुधारलाय. सुधारलाय मेला!

मी तोंड उघडलं की मुकेश उठून जायचा. म्हटलं, थांबा, माझ्या हाताला कोण गप्प करतंय बघू. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, पाड्यात मीच लिहिते. ट्रक थांबतो त्या वळणावरच माझं घर. धाकलीला विचारलं, ती म्हणाली, "लिही." भिंत गेरूनं सारवली, तांदळाचं पीठ कालवलं, बांबूची काडी चावून मऊ केली आणि तीन दिवस लिहीत बसले. मधोमध सेठ, भोवती विटा वाहणाऱ्यांचं वेटोळं, फाटक, कुलूप, जाळातली मोरपिसं.

चौथ्या दिवशी पाडा जमला.

"वा फागी, काय नाच उतरवलास! लगीन कुणाचं गं?"

मुकेशसुद्धा हसला. माझं डोकंच फिरलं. "डोळे फुटले काय तुमचे? भट्टी हाय ती!"

म्हातारी चैती भिंतीला नाक लावून बघत होती. म्हणाली, "ओरडू नको पोरी. तू सेठला तारपेवाल्याच्या जागी बसवलायस."

मेलेच मी. आमच्या नाचात तारपा फुंकणारा मधोमध असतो आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून भोवती नाचतात. आमच्या चित्रातल्या माणसाला नाकडोळे नसतात. बाई कुठं बघते ते अंबाड्यावरून कळतं. माझ्या सगळ्या बायांचे अंबाडे बाहेरच्या अंगाला, म्हणजे सगळ्यांची तोंडं सेठकडे. जन्मभर तारप्याचा नाचच लिहिलेला हात, त्यानं वेटोळं घातलं तेही नाचाचंच. त्या सैतानाला मीच मानाची जागा दिली होती! लाजेनं कुठं तोंड लपवू असं झालं.

त्याच दुपारी मधलं सगळं गेरूनं झाकलं आणि पुन्हा लिहिलं. वेटोळं तेच, अंबाडे मात्र सगळे सेठच्या बाजूला. तारपेवाल्याकडे पाठ करून आमच्यात कुणी नाचत नाही, लहान पोरंसुद्धा नाहीत.

संध्याकाळी लोक आले आणि लगीन कुणाचं हे कुणीच विचारलं नाही. मुकेश मोरपिसांपुढे उभा राहिला. मला वाटलं, आता हा भांडणार. तो एवढंच म्हणाला, "माझ्याच हातानं टाकली." मागून हौशीचा नवरा सोम्या बोलला, "आमची पण टाकायला लावली." मग एकेक जण सांगत गेला. किती दिवस पोटात ठेवलं होतं, बाई गं!

तरी रविवारी ट्रक आला तेव्हा बरेच जण गाठोडी घेऊन उभे होते. नुसत्या बोलण्यानं पोट भरत नाही, हे मलाही कळतं. धाकलीचं गाठोडंही तिच्या पायाशी होतं. ती भिंतीजवळ आली.

"बाय, यातली मी कोण?"

"ही बघ, तिसरी. डोक्यावर विटा हायेत ती."

माझी गेरूची वाटी पायरीवरच होती. धाकलीनं बोट बुडवलं आणि त्या बाईच्या डोक्यावरच्या विटा पुसून टाकल्या. मुकेशनं गाठोडं उचललं आणि घराकडे चालू लागला. मुकादम हाका मारत होता.

"माझ्यापण पूस गं," सोम्या म्हणाला. हौशीनं तर स्वतःच बोट बुडवलं. मग वाटीभोवती अशी झुंबड उडाली की गेरू पुन्हा कालवावा लागला.

ट्रक गेला तेव्हा भिंतीवर चार जणांच्या डोक्यावर विटा होत्या. ती चार माणसं ट्रकमध्ये होती.