वासावरची गोळी

अंगाचा वास गेला तर लीलाधरला काय मिळणार होतं, याचा हिशेब सोपा होता: तीन वर्षं माहेरी जाऊन बसलेली बायको, कुंदा. कामावरचा तोताराम चहाला शेजारी बसवील, बसमध्ये दाराशी उभं राहावं लागणार नाही, ही नुसती वरकमाई.

दीपनगरच्या वीजकेंद्रात तो पाळीवर असे. कुणी शिंकलं की त्याला वाटे, आपल्यामुळेच. दिवसाला चार आंघोळी, खिशात कापूर. राख उडते म्हणून शेजारीण खिडकी लावी, तर हा मनातल्या मनात तिची माफी मागे. स्वतःला वास कधी धड आला नव्हता. पण आपल्या नाकापेक्षा लोकांच्या नाकांवर त्याचा भरवसा जास्त.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात जळगावच्या मनोविकाराच्या डॉक्टरांनी, औषध झेपेल ना हे पाहायला, त्याच्या हृदयाचा आलेख काढला आणि गोळ्या लिहून दिल्या.

"यानं वास जाईल, साहेब?"

"वास नाहीच. डोक्यातली टोचणी जाईल."

"त्यापेक्षा नाकाचं औषध द्या."

"कुणाच्या नाकाचं? अख्ख्या कॉलनीच्या?"

पहिला महिना गोळ्यांनी हात थरथरले, तोंड कोरडं पडलं. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी तोताराम शिंकला आणि लीलाधर जागचा हलला नाही.

"सर्दी झाली का रे?"

"आठ दिवस शिंकतोय. तुला आज ऐकू आलं, भाऊ?"

त्या संध्याकाळी त्यानं घराच्या, वासापायी कायम उघड्या ठेवलेल्या खिडक्या लावल्या. घर एकाएकी फार मोठं वाटलं. आजवर सोबतीला निदान वास तरी होता.

रविवारी तो साक्रीला सासुरवाडीला गेला. कुंदा ओसरीवर आली, पण चार हात लांब बसली. घासून घासून तिचे हात लाल झाले होते. त्यानं एका दमात सगळं सांगितलं: खिडक्या का उघड्या ठेवायचा, बाहेर का झोपायचा, लाजेपायी कधी का बोलला नाही.

ती माहेरच्या बोलीत म्हणाली, "माले वाटे, मनाच आंगले वास येस."

"तुझ्या अंगाला? कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. रोज खिडकी उघाडीसन."

तो जवळ सरकला, तशी ती आणखी मागे सरली. "त्या गोळ्या माले लागू पडतीन का?"

तुला काही झालेलं नाही, असं तो सांगणार होता. पण हेच वाक्य त्यालाही सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं, आणि त्याचा कवडीचा उपयोग झाला नव्हता. आजार त्याचा, गोळ्या त्यानं घेतल्या, गुणही त्यालाच आला. किंमत मात्र कुंदा मोजत होती, चार हात लांब बसून.