काळा गळा, पांढरा गळा

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. पाऊस संपून तळ्याचं पाणी निवळलं, सकाळी शाल लागायला लागली, की उत्तरेकडून पाहुणे पक्षी उतरायचे. मग दर रविवारी उजाडताच आम्ही सातआठ जण बांधावर जमायचो. म्होरके होते निवृत्त पोस्टमास्तर. पक्ष्यांची वहीसुद्धा ते टपालाच्या शिस्तीनं ठेवत. नियम कडक होता: पक्षी निदान दोघांनी पाहिलेला हवा, आणि दोघांनी एकमेकांशी न बोलता त्याचं वर्णन चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या जुळल्या तरच नोंद.

माझी धाकटी नणंदही यायची. ती छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची, नजर घारीची. माझ्याशी मात्र तीन वर्षं अबोला. दोष माझाच. सासूबाई गेल्यावर त्यांचं शिवणयंत्र मी तिला न विचारता मोडीत देऊन टाकलं होतं. दोनदा माफी मागायला गेले, दोन्ही वेळा ती उठून निघून गेली. तो अबोला सुटावा, एवढंच मला हवं होतं.

आम्हा दोघींच्या मधून आमचे हे चालायचे.

"दादा, तिला सांग, पुढे चिखल आहे."

"अगं, पुढे चिखल आहे म्हणते."

ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. आमच्यातले दातांचे डॉक्टर हसायचे, "घड्याळजी, तुम्हाला दोन्हीकडून किल्ली बसते की हो!"

अशाच एका रविवारी सगळे चहाला थांबले. मी पुढे गेले, तर दगडावर वाळूच्या रंगाचा, काळ्या शेपटीचा पक्षी. रणगोजा! वहीत तो एकदाही नव्हता. साक्षीदार शोधायला वळले, तर शेजारी एकटी नणंद, डोळ्याला दुर्बीण लावून. तेवढ्यात तो उडालाच.

पोस्टमास्तरांनी चिठ्ठ्या दिल्या. "पाठीला पाठ लावून बसा. बोलायचं नाही."

"तीन वर्षांचा सराव आहे," डॉक्टर म्हणाले, "चुकायच्या नाहीत."

अंग जुळलं, शेपूट जुळलं. गळा मात्र मी पांढरा लिहिला होता, तिनं काळा. पोस्टमास्तरांनी वही मिटली. "दोन साक्षीदार, दोन गळे. नोंद नाही."

"पांढराच होता!" मी म्हटलं.

"दादा, तिला सांग..." ती म्हणाली, आणि मग ह्यांना बाजूला सारून थेट माझ्यासमोर उभी राहिली. "वहिनी, काळा होता! तू आधी ठरवतेस, मग बघतेस. कुणाला विचारायची सवयच नाही. आईचं मशीनसुद्धा असंच घालवलंस!"

हे मटकन बांधावर बसले.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "जागा अडते म्हणून दिलं. तुझा विचारच केला नाही. दुसऱ्या दिवशी परत आणायला गेले, तोवर भंगारवाल्यानं तोडलं होतं."

"परत आणायला गेली होतीस? मग सांगितलं का नाहीस?"

"ऐकून घेशील तर ना!"

ती दुर्बिणीची काच पुसू लागली. "माझा पहिला फ्रॉक आईनं त्यावरच शिवला होता," ती हळूच म्हणाली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिनं झटकला नाही. "पण वहिनी, गळा काळाच होता हं."

"पांढरा!"

घराच्या फाटकापर्यंत आम्ही भांडत आलो. हे मागून शीळ घालत येत होते.

पोस्टमास्तरांनी पुढे अकरा वर्षं फेऱ्या चालवल्या आणि एका दुपारी झोपेतच गेले. वही त्यांच्या लेकीकडे आहे. ह्यांनी डोळे साथ देईनात तेव्हा दुकान भाच्याला दिलं. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. नणंदेनं एकोणचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांशी लग्न केलं. नावं ठेवणारे ठेवून दमले. दोघं मागच्याच गल्लीत राहतात. डॉक्टरांना स्वतःलाच आता कवळी लागली आहे. ती ते चहाच्या कपात काढून ठेवतात, आणि ही तक्रार घेऊन नणंद रोज सकाळी माझ्या दारात हजर असते.