वाकळीखालची पिशवी

मी एक जुनी शेकायची पिशवी आहे, लाल रबराची. मित्रांनो, कंधारच्या औषध दुकानातून सरजाबाईंनी मला आपल्या गुडघ्यासाठी आणलं. हळूहळू घरातली सगळी दुखणी माझ्याकडे आली. गरज संपली की खिळ्याला लटकायचं, एवढंच. पण तोवर मला कुणी लपवलं नव्हतं.

त्या दुपारी सून लुंबिनीने मला वाकळीखाली पोटाशी धरलं. पाळण्यात दहा महिन्यांचा अश्वजित. पोटात सात आठवड्यांचं दुसरं, ते तिला आत्ता नको होतं. नवऱ्याबरोबर नांदेडला जाऊन दवाखान्यात तिने पहिली गोळी घेतली होती. दोन दिवसांनी, म्हणजे आज, उरलेल्या चार. नवरा ड्यूटीवर. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं ती पुटपुटत होती, "कळा येतील, पाळीहून जास्त अंगावरून जाईल, गाठी पडतील, थंडी वाजेल. ते होणारच. पण लागोपाठ दोन तास, तासाला दोन-दोन पॅड पूर्ण भिजले, नाहीतर दुसऱ्या दिवशीही ताप राहिला, तर लगेच यायचं. अन् एकटं राहायचं नाही."

लाजेपायी ती एकटीच होती.

पहिल्या तासात दोन पॅड भिजले. ती घड्याळाकडे बघत राहिली. तेवढ्यात सरजाबाई आत आल्या.

"लुंबिनी, पिशवी कुठं हाय गं? गुडघा लई ठणकून राहिला."

"दिसली न्हाई, आत्याबाई."

ती कुशीवर वळली आणि मी गुडगुडले. मित्रांनो, भर पाहुण्यांत गळले होते तेव्हाही इतकी शरम वाटली नव्हती.

सरजाबाईंनी वाकळ उचलली. "तुला येतंय खोटं बोलायला. या पिशवीला न्हाई येत."

लुंबिनीने तोंडावर पदर घेऊन सगळं सांगितलं. बाईंनी वाकळ पुन्हा तिच्या अंगावर घातली.

"मला विचारू नको. पण निदान सांगायचं तरी. तुला काही झालं असतं, तर या लेकराला मी काय सांगू?"

मग त्यांनी गल्लीतल्या जलीलभाईंची रिक्षा दारात थांबवली आणि घड्याळ बघत सुनेशेजारी बसल्या. दुसऱ्या तासात एकच पॅड, तोही अर्धा. संध्याकाळी कळा ओसरल्या, रिक्षा परत गेली. बाईंचा गुडघा तसाच ठणकत होता.

सकाळी लुंबिनीने मला दोरीवर उलटं टांगलं आणि पाळीचं कापड झाकायच्या सवयीने वर साडी ओढली. सरजाबाईंनी ती बाजूला सारली.

"वारं लागू दे तिला. अन् दोन आठवड्यांनी तपासायला जायचंय ना? मी येते."

लुंबिनीची मान अजून खालीच होती.

मित्रांनो, ओली झाकून ठेवली की मी आतून चिकटते आणि ऐन गरजेला फाटते. मला उघड्यावर वाळवा. आणि कुणी मला पोटाशी धरून पडलेलं दिसलं, तर शेजारी बसा.