म्झुझूच्या गाडीत अकरा वर्षं

माझा धाकटा भाऊ ख्विमा अकरा वर्षं रोज म्झुझूच्या गाडीत बसत होता, पण म्झुझू शहरात कधी गेला नव्हता.

आमच्या रुम्फी गावाच्या स्टँडवर याचं कुणाला नवल वाटत नाही, कारण ते एक कामच आहे. मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही, आणि रिकाम्या मिनीबसमध्ये शहाणा माणूस चढत नाही. म्हणून आधीच चौदाच्या चौदा जागांवर आपली माणसं बसवून ठेवायची. खरा प्रवासी आला, की गाडी भरणारा मसोझी टपावर दोन थापा मारतो आणि बसलेल्यांतला एक जण 'अरे, पिशवी राहिली वाटतं' असं काहीतरी पुटपुटत उतरतो. सगळे खरे झाले की गाडी जाते, आणि बसणारे पुढच्या गाडीत जाऊन बसतात. ख्विमाचं या कामात फार नाव. चेहऱ्यावर अशी घाई आणायचा, की बघणाऱ्याला वाटावं गाडी आता सुटलीच. न्यागोन्द्वे आजी मांडीवर कोंबडी घेऊन बसायच्या. ती कोंबडीसुद्धा इतकी मुरलेली, की थाप पडली की पंख सावरायची.

स्टँडसमोर माझं चार खोल्यांचं रेस्ट हाउस आहे. गाड्या वेळेवर सुटल्या असत्या तर ते कधीच बंद पडलं असतं, हे मी चर्चमध्येही नाकारणार नाही.

त्या शुक्रवारी दुपारी दोन वाजता ख्विमाच्या मुलीचा, लुसुंगुचा, पदवी समारंभ होता. पोरगी म्झुझूला नर्स झाली होती. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची. पुढचं सगळं यानंच केलं, बसून बसून. अशा समारंभात नाव पुकारलं की घरच्यांनी उठायचं, किलकाऱ्या द्यायच्या. कुणीच उठलं नाही, तर पोरगी एकटी मंचावर उभी राहते आणि सगळी सभा मागे वळून बघते, हिचं कुणीच नाही का म्हणून. लुसुंगुनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, "बाबा, तुम्ही उठाल ना?"

सकाळी सहाला ख्विमा पाद्र्यांकडून मागून आणलेला कोट घालून, रीतसर तिकीट काढून पहिल्या गाडीत बसला. आठला गाडी गेली आणि हा कोटासकट माझ्या दारात.

"अरे, उतरलास कशाला?"

"थाप पडली ना, ताई."

"तुझ्याकडे तिकीट आहे!"

"मला माहीत आहे. पायांना कोण सांगणार?"

त्याच्या मागोमाग पाठीवर पोतं घेतलेले टॉर्बेन साहेबही परत आले. हे डेन्मार्कचे, गणिताचे निवृत्त मास्तर. एका रात्रीसाठी खोली घेतली होती. आज चौथा दिवस.

"तुम्ही का उतरलात?" मी विचारलं.

"इथली माणसं एकेक करून गुपचूप उतरत होती, बाई. त्यांना गाडीचं काहीतरी ठाऊक असणार. ब्रेक, किंवा चाक. परक्या मुलखात स्थानिक लोक करतील तसं करावं." मग वही उघडून म्हणाले, "आणि हिशोब लागत नाही. चौदा होते, आठ चढले, तरी चौदाच."

एरवी मी त्यांना चुलीवरच्या मक्याच्या पिठासारखं तसंच शिजू दिलं असतं. पाहुणा चांगला होता, चादरीची घडी स्वतः घालायचा. पण त्या दिवशी मला रेस्ट हाउसपेक्षा भाऊ महत्त्वाचा होता. मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी वहीचं नवीन पान काढलं. "म्हणजे त्या चौदांत खरे किती?"

"तुम्ही आणि माझा भाऊ. भावाचं नक्की नाही."

मी दाराला कुलूप लावलं आणि दुसऱ्या गाडीत ख्विमाला खिडकीशी कोंबून स्वतः कडेला बसले. त्याच्या कोटाचं टोक मुठीत घट्ट. पुढे टॉर्बेन साहेब, दोन्ही हातांनी दांडा धरून. प्रवासी येत गेले, थापा पडत गेल्या. साडेदहाला गाडी हलली. मी वळून बघते तर मुठीत कोट आहे आणि भाऊ खिडकीबाहेर, जमिनीवर उभा. मलाही उतरावं लागलं. साहेबही उतरले.

"तुम्ही आता कशाला?" मी ओरडले.

"आता मला बघायचंय," ते म्हणाले.

तिसरी गाडी उशिरा लागली; बसलो तेव्हा एक वाजत आला होता. रस्ता चांगला सव्वा तासाचा. ख्विमाच्या चेहऱ्यावर घाई दिसत होती, पण नेहमीची नव्हे. ओठ पांढरे पडले होते.

"ताई, मला बांधून ठेव," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात बाहेर पिशव्या घेऊन एक जोडपं आलं. मसोझीनं सवयीनं हात वर केला. मग खिडकीतून ख्विमाकडे बघितलं, स्टँडवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि तो हात खिशात घातला.

थाप पडली नाही, म्हणून कुणी उतरलं नाही. कुणी उतरलं नाही, म्हणून कुणाला चढता येईना.

ड्रायव्हर भजी संपवून आला, हात पुसत. "भरली?"

मसोझीनं जागा मोजल्या. चौदा. "भरली."

"मग सुटायचं."

"अगं बाई," न्यागोन्द्वे आजी दचकल्या, "मला कुठं जायचंय?"

"म्झुझूला, आजी," मी म्हटलं.

"आज? मी चुलीवर वाल ठेवलेत!"

"आम्हाला खरंच जायचंय हो!" बाहेरचं जोडपं दार ठोकत होतं.

"जागा नाही, दादा," मसोझी म्हणाला. "दिसत नाही, भरलीय ती?"

भाड्याचं मी बघते म्हटल्यावर ड्रायव्हरनं गाडी काढली. स्टँड मागे पडला, बाजार मागे पडला. ख्विमानं माझं मनगट पकडलं.

"ताई, गाडी हलतेय."

"गाड्या हलतात रे."

"किती वेळ?"

बाकीचे अकरा जण खिडक्यांना नाकं लावून बसले होते. इतकी वर्षं ते प्रवाशांना सांगत आलेले, की पूल लागला की अर्धा रस्ता झाला. पूल लागला तेव्हा आजी म्हणाल्या, "म्हणजे आहे की खरंच!" टॉर्बेन साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते, नावं सुरू झाली होती. सभागृहाच्या दारावरच्या बाईनं विचारलं, कुणाकडचे? मी म्हटलं, लुसुंगु म्हांगोकडचे, सगळे. तिनं कोंबडीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि आत सोडलं. भिंतीलगतच्या बाकांवर आम्ही दाटीनं बसलो. बसण्यात ही मंडळी तरबेज.

"लुसुंगु म्हांगो!"

ख्विमा उठला. त्याच्यामागे सगळेच उठले. आजींनी अशी किलकारी दिली, की कोंबडी सुटून तिसऱ्या रांगेत गेली. साहेब टाळ्या वाजवत होते, चुकीच्या तालात. मंचावर पांढऱ्या गणवेशातल्या पोरीनं आम्हाला एकेक करून बघितलं, यातले अर्धे कोण हे तिला कळेना, आणि मग तिला बाबा दिसले.

पुढचं नाव पुकारलं. सगळे बसले. ख्विमा उभाच. लुसुंगुनंतर एकतीस मुली होत्या. मागून लोक ओरडत होते, "अहो बसा, दिसत नाही!" मी कोट ओढला. पाद्र्यांच्या त्या बिचाऱ्या कोटाची शिवण टरकन उसवली.

ख्विमा बसला नाही.