सहा ‘द’

स्तामेंकाने पिस्तुलाची पेटी त्या मोसमात चौथ्यांदा रादिसावच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्याने पेटीकडे पाहिलंच नाही. तो खिडकीबाहेर बघत राहिला. नेमबाजी क्लबाच्या अंगणात पहारेकऱ्याची बायको लाल मिरच्या भाजत होती, आणि सप्टेंबर संपत आल्यामुळे सगळ्या गल्लीला तोच वास होता.

“पुन्हा?” तो म्हणाला.

“पुन्हा. वर आणि उजवीकडे. सगळ्या गोळ्या एका मुठीत, पण मूठ भलत्याच जागी.”

“बस, कुमा. कॉफी ठेवतो.”

रादिसावचं वय सहासष्ट. एकतीस वर्षं शस्त्रांच्या कारखान्यात तयार माल तपासण्यात गेली आणि निवृत्तीनंतर क्लबातली सतरा पिस्तुलं त्याच्या ताब्यात आली. नेम धरायची पुढची माशी, मागची खाच, चापाचं वजन, हे सगळं त्याचं राज्य. स्पर्धेत नेमबाजाने आपल्या मनाने स्क्रूला हात लावायचा नाही, असा त्याचा कायदा होता. एक गोळी चुकली म्हणून खाच सरकवणारा माणूस दिसला की तो म्हणायचा, “ताप आला की थर्मामीटर बदलतोस का रे?” लोक हसायचे आणि ऐकायचेही, कारण त्याने बसवलेलं पिस्तूल कधी खोटं बोललेलं नव्हतं.

आणि आता हे. मे, जुलै, सप्टेंबर, तीन वेळा स्तामेंका परगावच्या स्पर्धेला गेली आणि तिन्ही वेळा आठच्या वर्तुळात गोळ्या मारून परत आली. नवखा माणूस इकडे चार, तिकडे चार मारतो. हिच्या गोळ्या एकमेकींना चिकटून, पण दहापासून दोन घरं दूर. एकोणीस वर्षं ती क्लबाच्या तिघांच्या संघात होती. येत्या रविवारी निवड चाचणी, तीही इथेच, घरच्या मैदानावर. क्लबाचा अध्यक्ष नेगोवान याने स्वच्छ सांगून टाकलं होतं: पुन्हा आठच लागले, तर तिच्या जागी गावात नव्याने आलेली गुरांची डॉक्टर जाईल.

दुसरं कुणी असतं तर रादिसावने केव्हाच फैलावर घेतलं असतं. पण स्तामेंका त्याची कुमा होती आणि तो तिचा कूम. तिच्या लग्नात चर्चमध्ये मेणबत्ती धरून तोच साक्षीला उभा होता, तिच्या पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातात घेतलं होतं. आमच्याकडे सख्ख्या भावाशी जमिनीवरून डोकी फुटतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण कुमाला वाकडा शब्द बोललेला माणूस बाजारात मान वर करून चालू शकत नाही. त्यामुळे ‘तुझं काहीतरी चुकतंय’ हे साधं वाक्य त्याच्या घशातच अडकून बसलं होतं. तिच्याही घशात तेच वाक्य असेल, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

तो पेटी घेऊन मैदानावर गेला. वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून त्याने सरावाच्या दहा गोळ्या झाडल्या आणि दुर्बिणीला डोळा लावला. दहाही मधोमध, एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा.

“नीट आहे,” तो म्हणाला. मे महिन्यात, जुलैत आणि ऑगस्टअखेरीसही तो हेच म्हणाला होता.

“नीटच असणार,” स्तामेंका म्हणाली. “तू बघितल्यावर वाकडं कसं राहील?”

हे ती मनापासून म्हणाली, आणि रादिसावला ते टोचलं. कारण ऑगस्टात एका संध्याकाळी आलुबुखाराच्या दारूचा दुसरा पेला समोर असताना नेगोवानने त्याला विचारलं होतं, पिस्तुलात दोष आहे की बाईत? आणि रादिसावने उत्तर दिलं होतं, “पिस्तूल ठणठणीत आहे. हात गेलाय तिचा.” बोलून झाल्यावर त्याला वाईट वाटलं होतं, पण शब्द मागे घेण्याइतकं नाही. तपासनीस माणूस, जे दिसलं ते बोललो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

“तू मार बघू,” तो आता म्हणाला. “मी मागे उभा राहतो.”

तिने मारल्या. सरावाच्याच गोळ्या, उभं राहून, एक हात खिशात. नऊ, दहा, दहा, दहा, नऊ. रादिसाव तिचं मनगट बघत होता, खांदा बघत होता, चापावरचं बोट बघत होता. बोट असं सरळ मागे येत होतं की कारखान्यातल्या यंत्राला लाज वाटावी. गेलेला हात असा नसतो, हे त्याला दिसत होतं.

“इथे सगळं नीट आणि तिथे गेलं की वाकडं,” तो पुटपुटला.

“तिथलं हवामान असेल, कूम.”

“तीन गावांचं हवामान तीनदा उजवीकडेच ढकलतं का?”

“मग माझं नशीब असेल. तुझ्या कॉफीचा गाळ वाचून बघू का?”

“गाळ राहू दे. जरा थांब.”

तो परत आत गेला आणि कपाटाच्या तळातून एक अर्धी पेटी घेऊन आला. स्पर्धेच्या गोळ्या. चांगल्या प्रतीच्या या गोळ्या क्लबाला जेमतेम पुरायच्या, म्हणून त्या स्पर्धेच्या सकाळीच मोजून मिळत. वसंतात त्यांची नवी खेप आली, तेव्हा त्याने प्रत्येक पिस्तुलातून त्या तपासल्या होत्या. बाकीच्या पिस्तुलांना काही फरक पडला नाही. स्तामेंकाचं पिस्तूल क्लबात सगळ्यांत जुनं, त्याला सगळ्याचाच फरक पडायचा. ही नवी गोळी त्यातून थोडी वर जात होती. तेवढी दुरुस्ती त्याने चिठ्ठीवर लिहून तिच्या पेटीत ठेवली होती, आणि पाठीच्या दुखण्यामुळे बसचा प्रवास सोडलेला असल्याने ती गोळी स्तामेंका कशी झाडते हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

“या मार,” तो म्हणाला.

स्तामेंकाने पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं. पेटीच्या झाकणातली चिठ्ठी काढली, चष्मा चढवला आणि चिठ्ठी अशी निगुतीने वाचली की जणू आज पहिल्यांदाच पाहते आहे. मग छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन तिने मागच्या खाचेच्या कडेचा स्क्रू फिरवायला घेतला. टक. टक. टक.

रादिसाव आवाज मोजत होता. चौथ्या टकला त्याच्या लक्षात आलं की आवाज बरोबर आहे, पण स्क्रू भलताच आहे.

“थांब! काय करतेस?”

“तू लिहिलंयस ते.”

“मी काय लिहिलंय?”

तिने चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. “सहा द.”

“मग?”

“मग सहा टक उजवीकडे. आणि स्पर्धा संपली की सहा टक परत डावीकडे. एकदाही विसरले नाही, देवाशपथ.”

“अगं, द म्हणजे दोले! खाली! वरचा स्क्रू, सहा टक खाली!”

“द म्हणजे देस्नो,” स्तामेंका म्हणाली. “उजवं.”

दोघंही बरोबर होते, आणि हीच पंचाईत होती. आमच्या भाषेत ‘खाली’ला दोले म्हणतात आणि ‘उजवं’ला देस्नो, आणि दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात. रादिसावच्या डोक्यात दुसरा अर्थ शिरायला जागाच नव्हती. गोळी बदलली की फक्त उंची बदलते, कडेचा स्क्रू तो एकदा बसवायचा आणि विसरून जायचा. स्तामेंकाच्या डोक्यात पहिल्या अर्थाला जागा नव्हती. बावीस वर्षं ती बुटांच्या कारखान्यात जोड्या लावायला बसत होती. डाव्या बुटात वेगळ्या अक्षराचा शिक्का आणि उजव्या बुटात द. दिवसाला शेकडो द तिच्या हाताखालून जायचे आणि त्यातला एकही कधी खाली गेला नव्हता.

“म्हणजे गोळी मुळात वर जात होती,” रादिसाव सावकाश म्हणाला, “आणि तू तिला वर उजवीकडे पाठवत होतीस.”

“तू पाठवत होतास. मी नुसती पोस्टमन.”

“पण तुला विचारावंसं नाही वाटलं? तीन स्पर्धा, कुमा! दुर्बिणीतून दिसत होतं की उजवीकडे चाललंय!”

“दिसत होतं ना. प्रत्येक वेळी हात शिवशिवायचा की जरा डावीकडे घ्यावं. पण तूच पढवलंस, नेमबाजाने अक्कल चालवायची नाही, चिठ्ठी वाचायची. आणि कुमाला जाऊन काय सांगू, तुझी चिठ्ठी चुकली?”

रादिसाव बाकावर बसला. आधी त्याला हसू आलं, मग स्तामेंकाला आलं, आणि मग दोघं इतकी हसली की अंगणातली बाई चिमटा हातात घेऊन दारात येऊन बघून गेली. स्तामेंकाने चष्मा काढून डोळे पुसले. रादिसाव हसत होता खरा, पण नेगोवानला दिलेलं उत्तर त्याला आठवत होतं.

त्याने कडेचा स्क्रू जागेवर आणला आणि वरचा सहा टक खाली घेतला. तिने स्पर्धेच्या पाच गोळ्या झाडल्या. दुर्बिणीत त्याला मधोमध एकच फाटकं भोक दिसलं.

“पाचही?” तिने विचारलं.

“पाचही.”

तिने उजवा हात समोर धरला, उलटापालटा करून पाहिला. “म्हणजे आहे अजून,” ती हळूच म्हणाली. रादिसावला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की तो दुर्बिणीवरून डोळा काढेना.

रविवारी चाचणी झाली. तीस गोळ्यांत स्तामेंकाने दोनशे एक्याऐंशी केले आणि डॉक्टरने दोनशे अडुसष्ट. डॉक्टरने येऊन तिच्याशी हात मिळवला आणि पुढच्या वर्षी बघून घेते म्हणाली, ते सगळ्यांना आवडलं. अंगणात टेबल मांडलं होतं, भाजलेल्या मिरच्यांवर लसूण आणि तेल, गरम पाव, चीज. नेगोवान पेला घेऊन रादिसावजवळ आला.

“काय जादू केलीस? होतं काय पिस्तुलात?”

“पिस्तुलात काही नव्हतं,” रादिसाव सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. “चिठ्ठी चुकीची होती. चिठ्ठी माझी. दोलेसाठी द लिहिला आणि तिने देस्नो वाचला. चूक तिची नाही, माझी.”

मग जे व्हायचं ते झालं. टेबलावरून कुणी ओरडलं, “रादिसाव, बाथरूम कुठे, ‘द’ला? म्हणजे खाली की उजवीकडे?” कुणी म्हणालं, आता बसच्या ड्रायव्हरलाही चिठ्ठी दे, सगळं गाव नदीत जाईल. एकतीस वर्षांच्या तपासनिसाची अशी टिंगल पहिल्यांदाच होत होती. त्याने ती मान खाली घालून पोटभर खाल्ली, आणि खरं तर त्याला बरंच वाटलं.

इथे थांबता आलं असतं. तिची जागा तिला मिळाली होती, चूक चारचौघांत कबूल झाली होती, आणि ऑगस्टातल्या त्या संध्याकाळची आठवण काढायचं नेगोवानला काही कारण नव्हतं. पण स्तामेंका पिस्तूल साफ करायला आत गेली, तेव्हा रादिसाव तिच्या मागोमाग गेला. ती नळीत सुती चिंधी घालत होती. तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

“कुमा, एक सांगायचंय.”

“सांग की.”

“ऑगस्टात नेगोवानने मला विचारलं होतं. मी म्हणालो, तिचा हात गेलाय.”

तिचे हात थांबले नाहीत. चिंधी नळीच्या दुसऱ्या टोकातून बाहेर आली, काळी झालेली. “माहीत आहे,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“ऑगस्टापासून. नेगोवानच्या तोंडात कधी तीळ भिजलाय?”

“आणि तरी त्यानंतर दोनदा पिस्तूल घेऊन माझ्याकडेच आलीस?” तो म्हणाला. “मला वाटलं, तुला पिस्तुलाचाच संशय आहे.”

“कूम, पिस्तूल नीट आहे हे तू मे महिन्यातच सांगितलं होतंस. पिस्तुलाबद्दल तू खोटं बोलत नाहीस, एवढं मला कळतं.” तिने नवी चिंधी घेतली, पण ती नळीत घातली नाही. “मला वाटायचं, निदान माझ्या तोंडावर सांगशील. हात गेला असेल तर गेला, तुझ्याकडून ऐकलं असतं तर मी स्वतःहून जागा सोडली असती. म्हणून यायचे. आणि दर वेळी तू पिस्तूलच तपासत बसलास.”