दोमितिलाचा डबा

तुंबेस गावच्या बाजारात डुक्कर घेण्याआधी दोमितिलाला दाखवायचं, हा रिवाज तिने स्वतःच पाडला होता. डुकराला आडवं पाडायचं, जबड्यात काठी घालायची, फडक्याने जीभ बाहेर ओढायची आणि खालून बोट फिरवायचं. बोटाला गाठी लागल्या की डुक्कर रोगट. "ने हे मढं घरी," असं ती मालकाला चारचौघांत सुनवायची. गावातला प्रत्येक जण तिच्या लेखी घाणेरडा. सगळ्यात घाणेरडी म्हणजे सून नेलिदा, कारण ती डोंगराकडच्या खेड्यातली.

दोमितिलाच्या हातच्या सॉसेजना मात्र तोड नव्हती. डुकराचा खिमा, लसूण, लाल मिरची, व्हिनेगर. मीठ बरोबर पडलंय का हे ती खिमा कच्चाच तोंडात टाकून बघायची. जीभ तपासलेल्या डुकराची कसली भीती, असा तिचा तोरा.

म्हणून राजधानी लिमाहून डॉक्टर रेनाता संशोधनाला आली आणि घरोघर झाकणाचे डबे वाटू लागली, तेव्हा दोमितिलाचं डोकंच फिरलं.

"आजी, उद्या सकाळचा शौचाचा नमुना द्या. इथे इतक्या जणांना झटके येतात ना, त्यामागे पोटातला एक जंत आहे. तो कुणाच्या पोटात आहे ते शोधतोय आम्ही."

"आईबापांनी एवढं शिकवलं ते आमचा गू गोळा करायला?"

नेलिदाने मुकाट्याने आपला डबा भरून दिला. दोमितिलाने परसात जाऊन आपला डबा डुकरिणीच्या घाणीने भरला आणि वर आपलं नाव लिहून घेतलं. दोघींचेही निकाल स्वच्छ आले. दोमितिला कितीतरी दिवस मनातल्या मनात हसत होती. डॉक्टर म्हणे! माणूस कोण नि डुक्कर कोण, हेसुद्धा कळत नाही.

मग एका दुपारी नात आरासेली केळ्याचे काप खाता खाता कोसळली. डोळे पांढरे, हातपाय ताठ, तोंडाला फेस. पिउरा शहराच्या इस्पितळात डोक्याचा फोटो काढला. मेंदूत जंताच्या गाठी होत्या.

पोर घरी आल्यावर रेनाता भेटायला आली. दोमितिला नातीला भरवत बसली होती. आरासेली दुसऱ्या कुणाच्या हातचं खातच नसे.

"ह्या टवळीनेच रोगट मांस चारलं असणार," दोमितिला सुनेकडे हनुवटी उडवत म्हणाली.

"मांसाने मेंदूत गाठी होत नाहीत, आजी. कच्चं मांस खाणाऱ्याच्या पोटात जंत वाढतो. जंताची अंडी त्या माणसाच्या हाताला लागतात, आणि तो ज्याला भरवतो त्याच्या मेंदूत जातात. जीभ बघून प्रत्येक डुक्कर कळत नाही. तो माणूस सापडला नाही तर पोरीला पुन्हा नव्या गाठी होतील."

"मग हिचेच हात असणार, दुसऱ्या कुणाचे?"

"नेलिदाचा निकाल स्वच्छ आहे."

"तुमचे निकाल! अगं, तुम्ही तर डुकरिणीलासुद्धा स्वच्छ ठरवलंत!"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं.

"डुकरिणीला?" रेनाताने हळूच विचारलं. "तो मोठा जंत माणसाच्याच पोटात वाढतो. डुकरिणीत तो सापडणारच नाही. निकाल बरोबरच होता, आजी. फक्त तो तुमचा नव्हता."

 नेलिदा सासूच्या हातातल्या घासाकडे बघत राहिली.

रेनाताने पिशवीतून नवा डबा काढून खाटेवर ठेवला. जिने उभ्या गावाच्या डुकरांच्या तोंडात बोटं घातली, तिला आपल्या बोटांकडे बघवेना. तिने उकडलेल्या युका कंदाचा तो घास परत ताटात टाकला.

"नेलिदा," ती म्हणाली. लग्न होऊन घरात आल्यापासून आज पहिल्यांदाच तिने सुनेला नावाने हाक मारली. "हे ताट फेकून दे. हात धू, दुसरं वाढ आणि तू भरव हिला."

आरासेलीने तोंड फिरवलं. "मला आज्जीच्याच हातचं हवं."

दोमितिलाने दोन्ही हात एप्रनखाली दडवले.