वांग्याचे खुंट

एकाहत्तरच्या थंडीत काष्टीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. आमच्या गावातली मोतीबिंदूची म्हातारी माणसं बैलगाडीने तिथं न्यायचं ठरलं. त्याआधी चावडीपुढे सरपंच वृद्धांच्या सेवेवर इतका वेळ बोलले, की ऐकणाऱ्यांतले दोघे-तिघे तेवढ्यात वृद्ध झाले असावेत.

अडचण आली ती हाजराबीची. रोग्याजवळ घरचं एक माणूस पाहिजे, असा शिबिराचा नियम. हाजराबीला मूलबाळ नव्हतं आणि नवरा बाबाजान वारलेला. घरात एक शेळी होती, पण तिला घरचं माणूस म्हणून कोणी धरेना. गावात सेवाभाव पुष्कळ होता. शाळेच्या फरशीवर मुक्काम करायची वेळ आली तेव्हा मात्र प्रत्येकाला ज्वारीची राखण आठवली. नावं घेणारे गोरक्षनाथ मास्तर हाजराबीचं नाव खोडायला निघाले.

"मी ऱ्हाते," मालनबाई म्हणाली.

मालनबाई ही हाजराबीची शेजारीण. हाजराबीच्या शेळीने आपल्या परसातली वांग्याची झाडं खाल्ली, असा तिचा आरोप. शेळीनं दावं सोडलंच नाही, असं हाजराबीचं म्हणणं. "तुला दिसतंय का काय, आंधळे?" असं मालनबाई एकदा बोलून गेली आणि अख्खी आळी हाजराबीच्या बाजूने झाली. तेव्हापासून मालनबाईने ते खुडलेले खुंट उपटले नव्हते. एक दिवस ते हाजराबीला तिच्याच डोळ्यांनी बघायला लावायचे होते.

"तू तिची कोण लागतीस?" मास्तरांनी विचारलं.

"आमचं भांडन हाय. घरचं असल्याबिगर एवढं भांडतं का कुनी?"

मास्तरांना दोन सख्खे भाऊ होते. त्यांनी थोडा विचार केला आणि 'बहीण' असं लिहिलं.

ऑपरेशन झालं. पट्टी सुटेपर्यंत रोग्याने हसायचं नाही, रडायचं नाही, चिडायचं तर मुळीच नाही, टाका तुटला की डोळा गेला, असं डॉक्टरांनी बजावलं. हाजराबीने हे नीट ऐकून घेतलं. समोरचीला उलट बोलायची सोय नाही, हे तिच्या लगेच ध्यानात आलं.

"मालने, पेज खारट हाय."

"व्हय."

"तुझ्या सासूनंबी असंच म्हनलं हुतं म्हनं."

"व्हय."

"माझी शेळी लई गुनाची हाय."

मालनबाईने पेजेचा चमचा तिच्या तोंडात घातला आणि तो जरा वेळ तिथंच धरला. इतकी शांत बहीण आपण कुठल्याच शिबिरात पाहिली नाही, असं डॉक्टर म्हणाले.

पट्टी सुटली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, हाजराबीने ती बरोबर सांगितली. पुढे जाड काचांचा चष्मा आला. त्याच दिवशी मालनबाईने तिला दंडाला धरून परसात नेलं. आळी कुंपणाशी गोळा झाली.

"बघ आता. शेळीनं खाल्लंय का न्हाई?"

हाजराबी खाली बसली. एकेका खुंटाजवळ चष्मा नेऊन तिने पाहिलं.

"शेळीनंच खाल्लंय," ती म्हणाली. आळी हळहळली. "ह्या कडंचं. त्या कडंची तर मुळापातूर उपटल्यात. शेळी मुळं उपटत न्हाई. ते तुझ्या वासराचं काम. खुराचा ठसा हाय की हितं वाळलेला."

"कुठं हाय ठसा?"

"ह्यो काय."

मालनबाई वाकली. डोळे चोळले, आणखी वाकली, आणि ठशाच्या हातभर पलीकडे बोट ठेवून म्हणाली, "ह्याला ठसा म्हनतीस व्हय?"

हाजराबीने मालनबाईच्या तोंडापुढे दोन बोटं धरली.

"किती?"

"माझी काय परीक्षा घेतीस? तीन."

हाजराबी उठली, पदर झाडला आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या मास्तरांकडे गेली.

"मास्तर, फुडल्या शिबिराला मालनचं नाव घाला. घरचं मानूस मी हाय," ती म्हणाली. "आन् त्ये खुंट तवर कुनी उपटू नका."